माजूर, मंजूर आणि चाळीस टक्के

उर्दूत अपंग माणसाला ‘माजूर’ म्हणतात. मूळ शब्द ‘उज्र’. उज्र म्हणजे सबब, अडचण. ज्याची सबब ग्राह्य धरली गेली आहे तो माजूर. उभं राहून नमाज पढता येत नसेल तर बसून पढा, बसता येत नसेल तर पडून पढा, एवढी सवलत त्या शब्दात आहे आणि ती घ्यायला कुणाचा दाखला लागत नाही. दुसरा शब्द ‘मंजूर’. तो ‘नजर’वरून आला, म्हणजे नजरेखालून गेलेला, पाहिलेला. या हिशेबानं ‘नामंजूर’चा अर्थ ‘पाहिलाच नाही’ असा होतो. मराठीत मंजूर-नामंजूर सर्रास चालतात, माजूर मात्र मराठीत आला नाही. तो आमच्या मोहल्ल्यातच राहिला.

मी शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. त्यामुळे पुसदमध्ये कुणाला सरकारी फॉर्म भरायचा असला की तो माझ्याकडे येतो. गेल्या काही वर्षांत सगळ्यात जास्त फॉर्म आले ते दिव्यांग प्रमाणपत्राचे आणि ‘संजय गांधी’चे. नामंजूर होऊन परत येणारेही तेच जास्त. परत आलेला कागद दाखवताना माणूस खाली बघतो, हे मी कितीदा पाहिलं आहे. पैसे मिळाले नाहीत याचं दुःख असतंच. पण ‘सरकारनं आपल्याला खोटं ठरवलं’ ही बोच त्याहून मोठी असते. म्हणून हा नकार येतो कुठून, त्यामागचा तो चाळीसचा आकडा कुठून आला, हे शोधून लिहावंसं वाटलं.

सुरुवात जरा लांबून करतो. उमय्या खलिफा वलीद बिन अब्दुल मलिक यानं (कारकीर्द ७०५ ते ७१५) महारोग्यांना भीक मागू नका म्हणून तनखा बांधून दिला, पांगळ्याला एक सेवक आणि आंधळ्याला एक वाटाड्या दिला, अशी नोंद तबरीच्या इतिहासात आहे. आपल्याकडे सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या सभासद बखरीत लढाईत जखमी झालेल्यांना जखम पाहून कमीजास्त होन दिल्याचा उल्लेख येतो. पडलेल्या शिपायाच्या मुलाला मिळणाऱ्या ‘बालपरवेशी’चे उल्लेखही मराठेशाहीच्या कागदांत सापडतात. ‘जखम पाहून’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. मोजमापाची पहिली पायरी तिथंच आहे. फरक इतकाच की ते राजाचं देणं होतं. त्यानं दिलं नाही तर मागायला जायची दुसरी जागा नव्हती.

इंग्रजांनी मोजलं भरपूर. आपलं पुसद तेव्हा वऱ्हाडातल्या बाशीम जिल्ह्यात होतं. १९०५ मध्ये तो जिल्हा मोडला आणि पुसद यवतमाळकडे आलं. १८७२ पासून १९३१ पर्यंतच्या जनगणनांत वेडे, मुके-बहिरे, आंधळे आणि महारोगी असे चार रकाने होते. प्रगणक घरी येऊन विचारायचा, तुमच्यात कुणी आंधळा आहे का? होय म्हटलं की रकान्यात एक आकडा वाढायचा. त्या आंधळ्याला मिळायचं काहीच नाही. १९३१ नंतर हे रकानेही गेले. ते १९८१ ला परत आले, १९९१ ला पुन्हा गायब झाले.

टक्क्यांची भाषा आली ती दवाखान्यातून आली असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात ती कारखान्यातून आली. १९२३ साली कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला आणि १ जुलै १९२४ पासून लागू झाला. कामावर हात तुटला तर मालकानं किती द्यायचं, यासाठी या कायद्याला एक अनुसूची जोडली होती. माणसाचं शरीर तिथं खाटकाच्या दुकानासारखं कापून लिहिलं आहे (शब्द कठोर आहे, पण ती अनुसूची वाचल्यावर मला दुसरा सुचला नाही). दोन्ही हात गेले तर १०० टक्के. एक अंगठा गेला तर ३०. दुसरा डोळा चांगला असताना एक डोळा गेला तर ४०. हे टक्के शरीराचे नाहीत, ‘कमाई करण्याच्या ताकदीचे’ आहेत. अंगठा गेल्यावर मजूर किती कमी कमवेल याचा तो अंदाज आहे. वऱ्हाड कापसाचा मुलूख. इथं गावोगाव जिनिंग-प्रेसिंग होत्या, सरक्या काढणारी यंत्रं होती आणि त्यांत बोटं जात होती. या कायद्यानं निदान बोटाला काही किंमत आहे हे तरी कागदावर आणलं.

पुढे डॉक्टरांनी हीच पद्धत उचलली. अमेरिकेत ओक्लाहोमाचे अस्थिशल्यविशारद अर्ल मॅकब्राइड यांनी १९३६ मध्ये अपंगत्व मोजण्यावर पुस्तक लिहिलं आणि ते बराच काळ वापरात होतं. १९८१ हे संयुक्त राष्ट्रसंघाचं आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष होतं. त्या वर्षी दिल्लीत तज्ज्ञांच्या बैठका होऊन आपल्या डॉक्टरांसाठी मोजणीची नियमपुस्तिका तयार करण्याचं काम झालं. सांधा किती वाकतो, स्नायूत किती जोर आहे, पाय किती आखूड आहे, यांची बेरीज करायची. इथं एक बदल चुपचाप होऊन गेला. कारखान्याचा कायदा विचारत होता, हा माणूस आता किती कमवेल? नवी पुस्तिका विचारू लागली, याचा अवयव किती बिघडला आहे? दोन्हींची उत्तरं टक्क्यांतच येतात, म्हणून ती सारखी वाटतात.

आता महाराष्ट्राकडे येतो, कारण या गोष्टीत पुसदचाही वाटा आहे. वसंतराव नाईक आपल्या तालुक्यातल्या गहुलीचे. ते मुख्यमंत्री असताना १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामं राज्यभर निघाली, पुढे १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. जो काम मागेल त्याला काम, हे तेव्हा देशात नवीन होतं. पण ज्याला दगड फोडता येत नाही, खडी वाहता येत नाही, त्याचं काय? ती जागा १९८० मध्ये भरली गेली. जून १९८० मध्ये बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले मुख्यमंत्री झाले. महाराष्ट्राचे आजवरचे एकमेव मुस्लिम मुख्यमंत्री. त्यांच्या काळात ‘संजय गांधी निराधार अनुदान योजना’ सुरू झाली. विधवा, अपंग, दुर्धर आजारी, ज्यांना कुणी नाही अशांना दरमहा रोख रक्कम. अंतुलेंचं नाव निघालं की लोक सिमेंट प्रकरण काढतात, तेही खरंच आहे. पण पंचेचाळीस वर्षांनंतरही लाखो घरांत महिन्याला काही पैसे येतात ते याच योजनेचे, हे सांगायला फार कमी लोक आठवण ठेवतात. आमच्या लोकांनाही ते ठाऊक नसतं.

नावाची एक गंमत आहे. आमच्या वडिलांच्या पिढीला संजय गांधी म्हटलं की आणीबाणीतली नसबंदी आठवायची, लोक शेतात लपायचे त्या गोष्टी. आज त्याच मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्या बाया एकमेकींना विचारतात, “संजय गांधी आया क्या?” म्हणजे खात्यात पैसे आले का.

रकमेबद्दल थोडक्यात. ही रक्कम बरीच वर्षं ६०० रुपये होती, २०१९ मध्ये १००० झाली, २०२३ मध्ये १५००. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं दिव्यांगांसाठी ती २५०० करण्याचा निर्णय घेतला. त्याआधी बच्चू कडूंचं उपोषण आणि पदयात्रा झाली होती. ती यात्रा आपल्या शेजारच्या महागाव तालुक्यात चिलगव्हाणपर्यंत आली होती. केंद्राची इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तिवेतन योजना २००९ पासून आहे, पण तिला दारिद्र्यरेषेखालचं कुटुंब आणि ८० टक्के अपंगत्व लागतं, आणि केंद्राचा वाटा महिन्याला ३०० रुपये. ऐंशी टक्के अपंग माणूस तीनशे रुपयांत महिना कसा काढतो, याचं गणित मी वर्गात मुलांना घालत नाही.

निराधार योजनेची सर्वसाधारण उत्पन्नमर्यादा मात्र बघण्यासारखी आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजार रुपयांच्या आत हवं. दिव्यांगांसाठी ती ५० हजार आहे. २१ हजार म्हणजे सगळ्या घराचे मिळून दिवसाला ५७ रुपये. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. घरातल्या एकानं हमीचे पूर्ण १०० दिवस भरले तर २९,७०० रुपये होतात, म्हणजे त्या घरातली विधवा कागदोपत्री निराधार राहत नाही. पुसदच्या मुख्यमंत्र्याची योजना आणि अंतुलेंची योजना एकमेकींना पूरक म्हणून आल्या असं मी मानतो. आज एकीचा लाभ पुरा घेतला तर दुसरी हातातून सुटते.

कायद्याच्या बाजूनं मोठी उडी १९९५ ची. इथं जावेद आबिदी यांचं नाव घ्यायलाच हवं. १९६५ साली अलीगढला जन्मलेले, पाठीच्या कण्याच्या जन्मजात दोषामुळे व्हीलचेअरवर असलेले. शिक्षण अमेरिकेत, काम दिल्लीत. अपंगांचा कायदा वर्षानुवर्षं नुसता चर्चेत होता. डिसेंबर १९९५ मध्ये अधिवेशन संपायला काही दिवस असताना आबिदी आणि त्यांचे साथीदार संसदेबाहेर रस्त्यावर उतरले, आणि २२ डिसेंबरला विधेयक मंजूर झालं. ७ फेब्रुवारी १९९६ पासून कायदा लागू. २००१ च्या जनगणनेत अपंगांचा प्रश्न परत आला त्यामागेही त्यांचीच धडपड होती. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार दिव्यांग मोजले गेले. हा आकडा आज प्रत्येक मंत्री भाषणात वापरतो. आबिदी मार्च २०१८ मध्ये गेले. आपल्या मुलांना ते माहीत नाहीत, उर्दू पुस्तकात नाहीत, मराठीतही नाहीत.

याच १९९५ च्या कायद्यानं ४० टक्के हा उंबरठा व्याख्येतच बसवला. त्याच्या यादीत सात प्रकार होते: अंधत्व, अल्पदृष्टी, बरा झालेला कुष्ठरोगी, श्रवणदोष, हालचालीचं अपंगत्व, मतिमंदत्व आणि मानसिक आजार. या सातांत न बसणारा माणूस कितीही हलाखीत असला तरी दारातूनच परत. विदर्भात याचा सगळ्यात मोठा फटका सिकलसेलच्या रुग्णांना बसला. आपल्या भागातल्या आदिवासी आणि दलित वस्त्यांत हा आजार घरोघर माहीत आहे. सांधे फुटतील असं दुखतं, सारखं रक्त चढवावं लागतं, महिन्यातले किती दिवस मूल शाळेत येत नाही. पण कायद्याच्या लेखी हे अपंगत्व नव्हतं, कारण बाहेरून हातपाय शाबूत. वीस वर्षं हा दावा फेटाळला जात होता. मग २०१६ चा नवा कायदा आला, १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला, सातांचे एकवीस प्रकार झाले. त्यात सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया हे रक्ताचे आजार आले, अॅसिड हल्ल्यातले पीडित आले, पार्किन्सन आला. आदल्या दिवशी ज्याला ‘तू अपंग नाहीस’ म्हणत होते, त्याला दुसऱ्या दिवशी ‘आहेस’ म्हणावं लागलं. माणूस तोच, रक्त तेच. तरी सरकारी नोकरीतल्या ४ टक्के आरक्षणाच्या कलमात रक्ताचे आजार अजूनही नाहीत. प्रमाणपत्र मिळतं, नोकरीत त्याचा उपयोग नाही.

आता ज्या प्रकरणामुळे मी हे सगळं वाचायला बसलो ते सांगतो. आमच्या ओळखीचे एक चाचा. वय पंचेचाळीसच्या आसपास, एका कारखान्यात मजूर. यंत्रावर काम करताना धातूचा तुकडा उडाला आणि उजवा डोळा गेला. दुसरा डोळा ठणठणीत. त्यांनी ऑनलाइन अर्ज केला, तारीख मिळाली, तपासणी झाली. निकाल आला ३० टक्के. कागद घेऊन ते घरी आले आणि म्हणाले, “सर, एक आँख पूरी गई, फिर भी तीसच टक्के? मतलब मैं बना के आया था क्या?”

मी मार्गदर्शक सूचना काढून पाहिल्या. डॉक्टरांनी काही वाईट केलं नव्हतं. २००१ च्या सूचनांपासून आजपर्यंत एका डोळ्यानं पूर्ण आंधळा आणि दुसऱ्यानं चांगला पाहणारा, याला ३० टक्केच दिले जातात. कानाचंही तसंच आहे. कायद्यात ‘दोन्ही कान’ असे शब्द आहेत, एक कान पूर्ण गेला तरी दुसरा चालतो तोवर उंबरठा ओलांडता येत नाही. म्हणजे इथं दाद मागून टक्के वाढणार नव्हते.

पण मघाची १९२३ ची अनुसूची आठवा. तोच डोळा, तेच शरीर, आणि तिथं ४० टक्के. एका कायद्याच्या दारात चाळीसला दहा कमी पडले म्हणून काहीच नाही, आणि दुसऱ्या कायद्यात तोच डोळा सरळ नुकसानभरपाईला पात्र. त्या कायद्याच्या सूत्रानं हिशेब केला: पंचेचाळीस वर्षांचा कामगार, महिना १५ हजार मजुरी. त्याच्या ६० टक्के म्हणजे ९ हजार, गुणिले त्या वयाचा गुणांक १६९.४४, त्याचे ४० टक्के. सहा लाख नऊ हजारांच्या वर रक्कम येते. चाचांना हे कुणीच सांगितलं नव्हतं. मालकानं दवाखान्याचा खर्च केला, ‘अपंगाचं सर्टिफिकेट काढून घ्या, सरकार पैसे देतं’ असं सांगून त्यांना मार्गी लावलं. त्यांच्यासाठी ते सर्टिफिकेट हा चुकीचा दरवाजा होता आणि खरा दरवाजा मालकाच्याच आवारात होता. मला वाटतं, अशा किती नामंजूर अर्जांच्या मागे मुळात दुसऱ्याच कुणाचं देणं लपलेलं असेल.

सगळे नकार मात्र एवढ्या मोठ्या कारणांनी येत नाहीत. मी पाहिलेल्यांपैकी बरेच नुसत्या नावामुळे आले. हा विषय मराठी वाचकांना कदाचित नवीन असेल. वऱ्हाडात मुसलमानांना मराठी पद्धतीचं आडनाव बहुधा नसतं. शेख अमुक शेख तमुक, किंवा अमुक खान तमुक खान, अशी मुलाची आणि बापाची नावं एकामागोमाग येतात. जुन्या महसुली कागदांत मध्ये ‘वल्द’ असायचं, बाईच्या नावात ‘जौजे’, आणि कुणाला अडचण नव्हती. संगणकाच्या फॉर्मला तीन रकाने हवेत: पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव. मग एका कागदावर ‘शेख’ पहिलं नाव होतं, दुसऱ्यावर आडनाव, तिसऱ्यावर नुसतं ‘शे.’. मोहम्मदचं कुठं ‘मो.’, कुठं ‘मोहंमद’, कुठं ‘महमद’. बाईच्या नावापुढं रेशनकार्डावर ‘बी’, आधारवर ‘परवीन’, बँकेत ‘बेगम’. तिन्ही ठिकाणी ती एकच बाई. पण ‘नाव जुळत नाही’ एवढ्या शेऱ्यावर अर्ज परत येतो आणि घरचे समजतात की मुसलमान म्हणून परत केला. कधी तसंही असेल, मी नाही म्हणत नाही. पण मी हाताळलेल्यांत बहुतेक वेळा आधार, बँक आणि रेशनकार्ड एका नावावर आणल्यावर काम झालं. यात दोन-तीन महिने जातात. माझं सांगणं एवढंच असतं की फॉर्म भरण्याच्या आधी सगळे कागद जमिनीवर पसरा आणि नाव अक्षरशः, काना-मात्रेसकट ताडून बघा.

पुसदहून यवतमाळ शंभरेक किलोमीटर. ज्याचा पाय अधू आहे त्यानं तपासणीसाठी एसटीनं जायचं, आणि एसटीची ७५ टक्के सवलत मिळते ती प्रमाणपत्र हातात आल्यावर. पुसद जिल्हा व्हावा अशी मागणी आपल्याकडे जुनी आहे. त्या भाषणांत कचेऱ्या आणि बाजारपेठ येते, ही फेरी कुणी मोजत नाही.

बोगस प्रमाणपत्रांचं काय, असं कुणी विचारेल. ती आहेत. २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याचं प्रकरण देशभर गाजलं, त्यानंतर कर्मचाऱ्यांच्या प्रमाणपत्रांची फेरतपासणी सुरू झाली. खोटा लाभ घेणाऱ्याला कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे, ती व्हावीच. फक्त त्याचा धाक खोट्यांपेक्षा खऱ्यांनाच जास्त बसतो. माझ्या ओळखीची एक बाई पोलिओचा पाय घेऊन पुन्हा तपासणीला जायला घाबरते, की आता हेही काढून घेतील.

चाळीसचा आकडा किती विचित्र आहे हे कळायला त्याची उलटी बाजू बघावी लागते. महाराष्ट्रातला एक विद्यार्थी वाचादोष असूनही डॉक्टर व्हायचं म्हणून नीट परीक्षा देऊन आला. त्याचं अपंगत्व चाळीसच्या वर मोजलं गेलं. राखीव जागेसाठी चाळीस हवेतच, आणि नियमाप्रमाणे चाळीसच्या वर गेला म्हणून तो डॉक्टरकी शिकायला अपात्र. चाळीसच्या खाली असता तर दिव्यांग म्हणून जागा नाही, वर गेला तर विद्यार्थी म्हणून नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. आपल्या अमरावतीचे न्यायमूर्ती भूषण गवई यांच्या खंडपीठानं ऑक्टोबर २०२४ मध्ये सांगितलं की नुसत्या टक्क्यावरून कुणाला नाकारता येणार नाही. तो अभ्यासक्रम हा मुलगा पुरा करू शकतो का, हे मंडळानं तपासायला हवं. म्हणजे शंभर वर्षांनी प्रश्न परत तिथं आला, हा माणूस काय करू शकतो?

त्याच्या आधी, फेब्रुवारी २०२१ मध्ये, न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाचा एक निकाल आहे. लिहिताना हात आखडण्याचा विकार असलेल्या उमेदवाराला लोकसेवा आयोगानं लेखनिक नाकारला होता, कारण तो चाळीस टक्क्यांच्या व्याख्येत बसत नव्हता. न्यायालयानं म्हटलं, लेखनिक मिळायला ४० टक्के लागत नाहीत. हा मुद्दा नामंजूर झालेल्या प्रत्येकानं समजून घ्यावा. १९९५ च्या कायद्यात चाळीसच्या खालचा माणूस अपंगच नव्हता. २०१६ च्या कायद्यात तसं नाही. त्यात ‘दिव्यांग व्यक्ती’च्या व्याख्येला टक्केच नाहीत, चाळीसची अट फक्त आरक्षण आणि तत्सम लाभांसाठी आहे. भेदभावाविरुद्धचं संरक्षण ३० टक्केवाल्यालाही आहे. ओळखपत्रातही चाळीसच्या खालच्यांसाठी पांढरा रंग आहे, चाळीस ते ऐंशीला पिवळा, त्यावर निळा. चाचांच्या घरी मी हेच सांगितलं, की तीस टक्के लिहिलेला कागद तुम्हाला खोटं म्हणत नाही, त्यात तुमचा डोळा गेल्याची नोंदच आहे. त्यांच्या बायकोनं तो कागद प्लॅस्टिकमध्ये घालून ठेवला.

नकार लेखी आणि कारणांसह मिळणं हा हक्क आहे, तोंडी ‘होत नाही’ ऐकून परत येऊ नये. प्रमाणपत्राच्या निर्णयाविरुद्ध २०१६ च्या कायद्याच्या कलम ५९ खाली अपील करता येतं. पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्त आहेत, तिथं तक्रार करता येते. दाखले वेळेत मिळत नसतील तर २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. आपण याला मराठीत ‘दाद मागणे’ म्हणतो. दाद हाही फारसी शब्द, अर्थ न्याय. ब्रिटनमध्ये अपंगांच्या पीआयपी या भत्त्याचे जे नकार न्यायाधिकरणापर्यंत जातात, त्यातले निम्म्याहून जास्त तिथं बदलतात. तिथलेही बहुतेक लोक पहिल्या नकारानंतर घरीच बसतात. आपल्याकडे किती जण अपिलात जातात? माझ्याकडे आलेल्यांत तर बोटांवर मोजण्याइतके.

चाचांसाठी आम्ही टक्क्यांचं अपील केलं नाही. नुकसानभरपाईचा दावा केला. त्या जुन्या कायद्यात अपघातापासून दोन वर्षांची मुदत होती आणि ती उलटून चार महिने झाले होते. पुरेसं कारण असेल तर उशीर माफ करता येतो, म्हणून अर्जात लिहिलं की अर्जदाराला मराठी वाचता येत नाही, आणि तो या काळात मालकाच्याच सांगण्यावरून दिव्यांग प्रमाणपत्राच्या मागे होता. पुरावा म्हणून तोच ३० टक्क्यांचा कागद जोडला. हजेरीपटावर त्यांचं नाव ‘शे. बाबू’ असं आहे, आधारवर दुसरंच. दोन सहकाऱ्यांनी साक्ष द्यायचं कबूल केलं आहे, एक अजून तिथंच कामाला आहे म्हणून कचरतो. पहिल्या तारखेला समोरच्या बाजूनं मुदत मागितली. पुढची तारीख ईदनंतरची आहे.